नियम ९ ते ११ : महामारीतल्या बार परीक्षेवर एक भाष्य

भाष्यासाठी घेतलेला मजकूर पानभरही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात एप्रिल २०१० च्या ठरावाने तीन नियम घातले गेले : ९, १० आणि ११. गोपाल सुब्रमण्यम तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते. याच नियमांतून अखिल भारतीय बार परीक्षा जन्मली आणि ६ मार्च २०११ ला ती पहिल्यांदा झाली. २००९-१० पासून पदवी घेतलेल्या प्रत्येक विधी पदवीधराचे भवितव्य या पानभर मजकुरावर टांगलेले आहे. खाली नियमांचा आशय मराठीत दिला आहे, शब्दशः अनुवाद नव्हे. त्याखालचे भाष्य २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या चष्म्यातून आणि पनवेलच्या बाजूने लिहिले आहे.

पनवेलच का, तर हे गाव या प्रश्नाच्या नेमक्या सांध्यावर आहे. जिल्हा रायगड, मुख्यालय अलिबाग, रोजचे जगणे मात्र हार्बर लाइनने मुंबईला बांधलेले. नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय, कळंबोलीला के.एल.ई. सोसायटीचे विधी महाविद्यालय. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. सिडकोने घेतलेली जमीन, तिच्या मोबदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, विमानतळ, त्याभोवतीचे नैना क्षेत्र, चेक बाउन्स, बिल्डरांची प्रकरणे यांवर इथल्या कोर्टाचे बोर्ड भरते. त्यामुळे सनद घेतलेली मुले-मुली इथे टिकतातही. महामारीत या मुलांच्या परीक्षेची तारीख पुन्हापुन्हा हलली, पण परीक्षा घेण्याची रीत तसूभर हलली नाही. आणि जे खरोखर बदलले, त्याची महामारीला गरज नव्हती. नियम ओळीने वाचत गेले की हे कसे घडले ते दिसते.

नियम ९, पहिले वाक्य : अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ खाली नोंदणी झालेल्या वकिलाला अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या अधिनियमाच्या चौथ्या प्रकरणाखाली वकिली करण्याचा हक्क राहणार नाही.

भाष्य : इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोंदणी, मग परीक्षा. उमेदवार परीक्षेला बसतो तेव्हा तो विद्यार्थी नसतो. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद त्याच्या हातात असते, अंगावर काळा कोट असतो आणि घरचे त्याला वकीलसाहेब म्हणू लागलेले असतात. हक्क मात्र अर्धा.

हा उलटा क्रम कुणाच्या लहरीने आलेला नाही, त्याला इतिहास आहे. १९६१ च्या मूळ अधिनियमात नोंदणीपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती गेली. १९९५ मध्ये कौन्सिलने प्रशिक्षणाचे नियम करून ती मागच्या दाराने आणायचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या व्ही. सुदीर प्रकरणात ते नियम रद्द केले. नोंदणीपूर्वी अट घालता येत नाही म्हटल्यावर २०१० मध्ये कौन्सिलने अट नोंदणीनंतर ठेवली. यालाही आव्हान मिळाले, प्रकरण घटनापीठाकडे गेले, आणि १० फेब्रुवारी २०२३ ला न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने बोनी फोई लॉ कॉलेज प्रकरणात परीक्षा वैध ठरवली. सुदीरचा निर्णय चुकीचा ठरला आणि परीक्षा आधी घ्यायची की नंतर हे कौन्सिलवर सोपवले गेले. म्हणजे आपण ज्या दोन वर्षांविषयी बोलत आहोत, त्या काळात ही परीक्षा मुळात कायदेशीर आहे का, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पडून होता. तो पडून असताना तीच परीक्षा कधी होणार याची मुले वाट पाहत होती.

अर्धा हक्क चालवायचा कसा, याचे उत्तर नियमात नाही. ते कौन्सिलच्या ठरावांत आणि सनदेच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या हमीपत्रात आहे : दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण होईन, तोपर्यंत तात्पुरती वकिली करू द्या. पनवेलच्या कोर्टात ही तात्पुरती स्थिती डोळ्यांना दिसत नाही. ज्युनिअरचे नाव वकीलपत्रावर सिनिअरच्या नावाखाली येते, तो तारीख घेतो, अर्ज दाखल करतो, स्टँप आणतो. न्यायाधीश सहसा विचारत नाहीत. विचारतो तो सिनिअर, आणि तेही सीओपीबद्दल, म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल. "काय रे, सीओपी आलं का तुझं?" "साहेब, परीक्षाच झाली नाही अजून." हा संवाद २०२० च्या पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत महाराष्ट्रातल्या कुठल्याही बार रूममध्ये, मास्क खाली ओढून, सहज ऐकू आला असता.

त्याच काळात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दावे, अपिले, अर्ज यांची मुदत थांबवली. १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला गेला. पक्षकाराचे घड्याळ थांबले. त्याचे वकीलपत्र घेतलेल्या नवख्या वकिलाच्या दोन वर्षांचा त्या आदेशात उल्लेख असण्याचे कारण नव्हते, कारण ती मुदत कायद्याची नव्हतीच, हमीपत्राची होती. अशी मुदत ज्याने घातली त्याच्याच दारात जाऊन ती वाढवून मागावी लागते.

तरीही एक श्रेय द्यायला हवे. अमेरिकेत २०२० च्या उन्हाळ्यात हाच पेच उभा राहिला तेव्हा यूटा राज्याने एप्रिलमध्येच पदवीधरांना परीक्षेविना परवाना देऊ केला. अट होती ३६० तास देखरेखीखाली काम करण्याची. मग वॉशिंग्टन, ऑरेगन, लुइझियाना आणि राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यानेही आपापल्या अटींवर तशी सवलत दिली. विस्कॉन्सिनमध्ये आपल्याच राज्यातल्या विधी महाविद्यालयांच्या पदवीधरांसाठी ती पद्धत १८७० पासून आहे. तिथल्या मुलामुलींनी मोहिमा काढून, अर्ज करून जे मिळवले, ते आपल्याकडच्या ज्युनिअरला आधीपासून होते : परीक्षेआधी सिनिअरच्या हाताखाली काम करण्याची मुभा. आपली व्यवस्था इथे उदार ठरली. पण ते औदार्य कुणी ठरवून केलेले नव्हते. सुदीरच्या निर्णयाला वळसा घालताना ते हाती लागले, आणि नियमात लिहिलेले नसल्याने कुणाला हक्काने मागता येत नाही.

नियम ९, दुसरे वाक्य : २००९-१० या शैक्षणिक वर्षापासून पदवी घेणाऱ्या आणि नोंदणी करणाऱ्या सर्वांना परीक्षा अनिवार्य.

भाष्य : पदवी घेणारे म्हणताना नियम गृहीत धरतो की पदवी वेळेवर मिळते. २०२० च्या तुकडीला ती कशी मिळाली ते पाहावे. १९ जून २०२० च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले. आधार होते साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. यातला पहिला कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी इंग्रज सरकारने केलेला. प्लेग आला त्याच दशकात पुण्यात लोकमान्य टिळकांचा लॉ क्लास चालत असे, वकिलीची परीक्षा देणाऱ्या मुलांसाठीच. त्या पिढीची परीक्षा आणि त्या पिढीचा साथकायदा एकशे तेवीस वर्षांनी असे समोरासमोर येतील असे कुणाला वाटले नसेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला अंतिम परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्या असे सांगितले आणि २८ ऑगस्टला प्रणीत के. प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : राज्याला परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, परीक्षा न घेता पास करता येणार नाही. मग मुंबई विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन परीक्षा घेतली. ५० गुण, एक तास, बहुपर्यायी प्रश्न. पाच वर्षे किंवा तीन वर्षे पुरवण्या जोडून जोडून दीर्घ उत्तरे लिहिलेल्या मुलांनी शेवटचे सत्र मोबाइलवर टिचक्या मारून संपवले. दूरस्थ शिक्षण संस्थेची यंत्रणा त्याच काळात कोलमडली, विद्यापीठाने सायबर हल्ल्याची तक्रार केली, पेपर पुढे गेले. निकाल, सनद, मग बार परीक्षेचा अर्ज, हा क्रम लक्षात घेतला तर या तुकडीतल्या बहुतेकांच्या वाट्याला सोळावी परीक्षा आली. ती झाली ३१ ऑक्टोबर २०२१ ला, शेवटचा विद्यापीठ पेपर देऊन सुमारे एक वर्ष उलटल्यावर.

नियम १०, आरंभ : परीक्षा बार कौन्सिल ऑफ इंडिया घेईल.

भाष्य : राज्याचे कौन्सिल सनद देते, दिल्लीचे कौन्सिल परीक्षा घेते. जून २०२० मध्ये रायगडात निसर्ग वादळ येऊन गेले, घराघरांवरचे पत्रे उडाले, खांब पडले, काही गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. राज्य कौन्सिलला ते फोर्टमध्ये बसून दिसत होते. तारीख ठरवणाऱ्याला ते दिसण्याची सोय नियमात नाही.

नियम १०, वेळ आणि जागा : परीक्षा वर्षातून किमान दोनदा होईल; महिना आणि ठिकाणे कौन्सिल ठरवेल.

भाष्य : तिन्ही नियमांचा कणा ही ओळ आहे आणि ती सर्वांत जास्त मोडली गेली आहे. म्हणून इथे जरा थांबतो.

चौदावी परीक्षा १५ सप्टेंबर २०१९ ला झाली. पंधरावी १६ ऑगस्ट २०२० ला ठरली होती, ती ८ नोव्हेंबरवर गेली, तिथूनही हलली आणि २४ जानेवारी २०२१ ला झाली. सोळावी आधी मार्च २०२१, मग २५ एप्रिल आणि शेवटी ३१ ऑक्टोबर २०२१. चौदावी ते पंधरावी हे अंतर सोळा महिन्यांचे. साथ होती, कोर्टे तातडीच्या कामापुरती उघडी होती, गाड्या बंद होत्या. सोळा महिने समजण्यासारखे आहेत.

पुढे मात्र हिशेब चुकतो. सोळावीनंतर सतरावी परीक्षा झाली ५ फेब्रुवारी २०२३ ला, म्हणजे पंधरा महिन्यांनी. तोवर कोर्टे भरली होती, लोकल भरल्या होत्या, मास्क खिशात गेले होते. साथीत सोळा महिने, साथ ओसरल्यावर पंधरा. अठरावी १० डिसेंबर २०२३ ला, एकोणिसावी २२ डिसेंबर २०२४ ला. मार्च २०११ ते फेब्रुवारी २०२३ या बारा वर्षांत वर्षाला किमान दोन या हिशेबाने चोवीसच्या आसपास परीक्षा व्हायला हव्या होत्या, झाल्या सतरा. महामारीने नियम मोडला असे म्हणणे महामारीवर अन्याय आहे. नियम आधीच मोडलेला होता, साथीने त्याला सबब पुरवली.

नियम एकतर्फी आहे हे इथेच उघडे पडते. वकिलाने परीक्षा दिली नाही तर त्याचा हक्क जातो. कौन्सिलने परीक्षा घेतली नाही तर कौन्सिलचे काहीही जात नाही. वेळेवर परीक्षा न घेतल्यास त्या काळात नोंदणी केलेल्यांचा हक्क अबाधित राहील, एवढे एक वाक्य २०१० मध्ये घातले असते तर २०२० मध्ये वेगळा ठराव कुणाला शोधावा लागला नसता.

आता जागा. अर्जात शहर निवडायचे, त्या शहरातले केंद्र कोणते ते हॉल तिकिटावर कळायचे. पनवेलचा उमेदवार मुंबई निवडतो, आणि एरवी ते बरोबरच आहे : पनवेल स्टेशनवरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गाडी पकडायची, दीड तासाच्या आत पोचायचे. २४ जानेवारी २०२१ हा रविवार होता. लोकल तेव्हा अत्यावश्यक सेवेसाठी आणि सवलत मिळालेल्या काही वर्गांसाठी होती. महिलांना ऑक्टोबरपासून प्रवेश मिळाला होता, पण सकाळी अकरानंतर. परीक्षेच्या केंद्रावर तर त्याआधी हजर व्हायचे. वकिलांना मुभा मिळाली ती उच्च न्यायालयापुढे भांडून, गर्दीच्या वेळा वगळून. सर्वसामान्य प्रवाशांना लोकल खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत. परीक्षा त्याच्या आठच दिवस आधी. मग एसटी, नाहीतर चौघांत मिळून गाडी करून सायन-पनवेल महामार्गाने जायचे, आणि कळंबोलीच्या सर्कलला लवकर निघालो ते बरे झाले असे एकमेकांना सांगायचे.

२५ एप्रिल २०२१ ची तारीख तर अशक्यच होती. राज्यात २२ एप्रिलच्या रात्री आठपासून निर्बंध आणखी कडक झाले. जिल्ह्याबाहेर जायला तातडीचे कारण लागू लागले, लोकल पुन्हा ठरावीक लोकांपुरती झाली. पनवेल रायगडात आणि केंद्र मुंबईत, म्हणजे जिल्ह्याची वेस ओलांडणे आले. तारीख पुढे गेली हे योग्यच झाले. ऑक्टोबर उजाडला तेव्हा लोकलचा पास दोन डोस घेतलेल्यांना, दुसऱ्या डोसला चौदा दिवस होऊन गेल्यावर मिळत होता. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस खुली झाली होती १ मेपासून, आणि ज्यांनी पनवेलमध्ये त्या मे-जूनमध्ये मोबाइलवर स्लॉट शोधले आहेत त्यांना दोन डोसांमधले अंतर किती लांबले होते ते सांगायला नको.

परीक्षा ऑनलाइन का घेतली नाही, हा प्रश्न त्या काळात खूपदा विचारला गेला. माझे मत कौन्सिलच्या बाजूने आहे. मिशिगनमध्ये २८ जुलै २०२० ला ऑनलाइन बार परीक्षा चालू असतानाच लॉगइनची यंत्रणा बंद पडली. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० च्या बार परीक्षेत कॅमेऱ्यासमोरून उठता येत नव्हते आणि त्याचे किस्से लाज वाटावी असे होते. पनवेलच्या पलीकडे, उरण-कर्जत-सुधागडच्या वाड्यांत, साडेतीन तास अखंड नेटवर्क मिळणे ही २०२१ मध्ये चैन होती. कागद, बॉलपेन आणि ओएमआर शीट हा निर्णय ठीक. मात्र कागदच ठेवायचा तर तो उमेदवाराच्या जवळ न्यायला हवा होता. ठिकाणे ठरवण्याचा पूर्ण अधिकार याच ओळीने कौन्सिलला दिला आहे. जिल्हावार केंद्रे, म्हणजे अलिबाग किंवा पनवेलला एक शाळा, यासाठी नियम बदलावा लागत नव्हता, दिल्लीत ठराव करणेही पुरले असते. विमानतळासाठी, बंदरासाठी, रेल्वेसाठी ज्या जिल्ह्यात सरकारला जमीन सापडते, तिथे एका रविवारी एक शाळा सापडली असती.

नियम १०, विषय : कोणत्या मूळ आणि प्रक्रियात्मक कायद्यांवर परीक्षा घ्यायची ते कौन्सिल ठरवेल आणि अभ्यासक्रम किमान तीन महिने आधी प्रसिद्ध करेल.

भाष्य : तेव्हा १०० प्रश्न, एकोणीस विषय होते. राज्यघटना, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि दिवाणी प्रक्रिया संहिता यांना प्रत्येकी १० गुण, पुराव्याच्या कायद्याला आणि दंडसंहितेला ८. सायबर कायद्याला २, तेही देशभरची कोर्टे व्हिडिओवर गेलेल्या वर्षी. भूमी संपादनालाही २. पनवेलच्या वकिलाला या दोन गुणांचे हसू येते. त्याचे अर्धे आयुष्य त्याच दोन गुणांत जाते. अभ्यासक्रम बदलला नाही, म्हणून तीन महिन्यांच्या अटीचा प्रश्न आला नाही. पुढे जाऊ.

नियम १०, उत्तीर्णतेचे प्रमाण : किती टक्के गुणांना उत्तीर्ण ते कौन्सिल ठरवेल.

भाष्य : तेव्हा खुल्या आणि इतर मागास वर्गाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ३५. नकारात्मक गुण नाहीत. साथीत हे प्रमाण तसेच राहिले. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आपली रेषा १४४० वरून १३९० वर आणली आणि ती कायमची ठेवली. आपल्याकडे रेषा हलली ती वर, साथ संपल्यावर, २०२३ मध्ये : ४५ आणि ४०. यात वावगे काही नाही. शंभर बहुपर्यायी प्रश्नांत पंचेचाळीस बरोबर येत नसतील तर पक्षकाराने त्याच्याकडे का जावे?

नियम १०, पुन्हा बसणे : अनुत्तीर्ण वकिलाला कितीही वेळा परीक्षेला बसता येईल.

भाष्य : अमर्याद संधी ऐकायला मोठी वाटते. वर्षाला दोन परीक्षा असतील तर तिला अर्थ आहे. पंधरा-सोळा महिन्यांनी एक असेल तर एका नापासाची किंमत दीड वर्ष, शिवाय दरवेळी सुमारे साडेतीन हजारांचे शुल्क. कोर्टे बंद असताना ज्युनिअरला सिनिअरकडून मिळणारे चार पैसेही थांबले होते. शुल्काच्या बाबतीत नियम काहीच बोलत नाही. नोंदणीच्या शुल्काला मात्र पुढे ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात लगाम घातला : खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५, त्याहून एक पैसाही जास्त नाही. सनद ७५० ला आणि परीक्षा साडेतीन हजारांना, असा हा आजचा हिशेब आहे.

नियम १०, तज्ज्ञांची समिती : अभ्यासक्रम, वाचनसूची, प्रश्नकर्ते, तपासनीस, नमुना उत्तरे आणि परीक्षा दालनाचे नियम हे कौन्सिल तज्ज्ञ समितीमार्फत ठरवेल.

भाष्य : परीक्षेत झालेला एकमेव खरा बदल या ओळीखाली, 'परीक्षा दालनाचे नियम' या तीन शब्दांत बसतो.

पंधराव्या परीक्षेपर्यंत उमेदवार पुस्तके, गाइड, छापील टिपणे घेऊन बसत. परीक्षा पुस्तकासह, म्हणून सोपी, अशी तिची ख्याती. केंद्राबाहेर चाके असलेल्या बॅगा दिसत, आत दोन फुटांच्या बाकावर पुस्तकांची भिंत. सोळाव्या परीक्षेपासून पुस्तके आणि टिपणे बंद झाली, फक्त टिपा नसलेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराचे पुस्तक, चालेल असे ठरले.

बेअर अ‍ॅक्ट ही वस्तू वकिलाच्या हातात पाहण्यासारखी असते. पातळ कागद, बारीक टाइप, लाल किंवा निळ्या वेष्टनाचे पुठ्ठे. पहिल्या वर्षी घेतलेला फौजदारी संहितेचा बेअर अ‍ॅक्ट पाचव्या वर्षापर्यंत वहीच झालेला असतो : कलमाशेजारी पेन्सिलने खटल्याचे नाव, कोपऱ्यात आकृती, पानांच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या. सोळाव्या परीक्षेच्या आधी या पुस्तकांवर खोडरबर फिरले. चलनक्षम दस्तऐवज अधिनियमातले चेक बाउन्सचे १३८ वे कलम, ज्याच्या शेजारी सर्वांत जास्त लिहिलेले असते, ते पान खोडून खोडून झिरझिरीत झाले की मग नवा बेअर अ‍ॅक्ट विकत. तिथेही पेच. प्रकाशकाने कलमाखाली छापलेली दोन ओळींची टीप ही टीप धरायची की नाही? केंद्रावरचा पर्यवेक्षक शाळेतला गणिताचा शिक्षक असला तर त्याने काय करायचे?

या बदलाच्या मुळाशी असलेला विचार मला पटतो. वकिलाने गाइडच्या मागची सूची शोधण्यापेक्षा कलम शोधावे. कोर्टातही न्यायाधीश बेअर अ‍ॅक्टच उघडून दाखवायला सांगतात. चूक वेळेची आहे. २०२१ मध्ये महाविद्यालयांची ग्रंथालये बंद होती, मुले पीडीएफवर अभ्यास करत होती आणि एका घरात दोघातिघांत एक मोबाइल होता. पुस्तकासह परीक्षा ही साथीच्या काळात सर्वांत सोयीची रीत. बाहेर काही ठिकाणी तीच धरली गेली. इंडियानाने सॉफ्टवेअर बिघडल्यावर ४ ऑगस्ट २०२० ला प्रश्न सरळ ईमेलने पाठवले आणि पुस्तके उघडी ठेवायला परवानगी दिली. नेवाडानेही पुस्तकासह ऑनलाइन परीक्षा घेतली. तिथे बंद पुस्तके उघडली. आपल्याकडे उघडी असलेली बंद झाली.

नियम समिती सांगतो, समितीची कारणे जाहीर करायला सांगत नाही. कारण जाहीर असते तर वाद घालता आला असता, आणि वकिलांच्या परीक्षेच्या नियमावर वकिलांनाच वाद घालता येऊ नये हे विचित्र आहे. तारीख मार्चवरून ऑक्टोबरवर गेल्याने मुलांना नव्या रीतीची तयारी करायला काही महिने अधिक मिळाले, हा साथीचा अनपेक्षित उपकार.

नियम १०, अर्ज : अर्जाची रीत आणि नमुना कौन्सिल ठरवेल.

भाष्य : अर्ज आधीपासून ऑनलाइन होता. परीक्षा तेव्हा ११ भाषांत होती, त्यात मराठी. मराठीतून प्रश्नपत्रिका निवडणाऱ्याला बेअर अ‍ॅक्टही मराठीत लागतो, आणि पनवेलच्या बाजारात मराठी बेअर अ‍ॅक्ट इंग्रजीइतक्या सहज मिळत नाहीत. पुस्तके बंद करताना ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली होती का, हे विचारण्यासारखे आहे.

नियम १०, शेवट, आणि नियम ११ : परीक्षा उत्तीर्ण झालेला वकील सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिसला पात्र ठरेल, निकाल जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत अध्यक्षांच्या सहीचे प्रमाणपत्र त्याला दिले जाईल.

भाष्य : यालाच सगळे सीओपी म्हणतात. परीक्षेआधी तीन महिने अभ्यासक्रम, निकालानंतर तीस दिवसांत प्रमाणपत्र : नियमांना दोन टोके मोजता येतात. मधला काळ, परीक्षा ते निकाल, मोजलेलाच नाही. पंधरावी परीक्षा जानेवारी २०२१ अखेर झाली, निकाल मार्चमध्ये लागला. तोपर्यंत सोळावीचे अर्ज सुरू झाले होते. मग पंधरावीला बसलेल्याने काय करावे? पास होऊ या भरवशावर राहावे, की खबरदारी म्हणून पुन्हा साडेतीन हजार भरावेत?

अंतिम सत्रातल्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू द्यावे, ही सूचना बोनी फोई प्रकरणात न्यायालयाने मान्य करण्याजोगी मानली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यासाठी पुन्हा आदेश द्यावा लागला आणि एकोणिसाव्या परीक्षेला अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना संधी मिळाली. ही सोय २०२० मध्ये असती तर ऑक्टोबरमध्ये मोबाइलवर शेवटचा पेपर दिलेल्या मुलीला पंधराव्या परीक्षेला बसता आले असते. हा बदल नियम ९ च्या पहिल्या वाक्यातल्या क्रमालाच हात घालतो, तेव्हा पुढेमागे नियम नव्याने लिहिले जातीलच. लिहिताना नियम ११ च्या आधी एक उपनियम हवा : परीक्षेच्या तारखेपासून पंचेचाळीस दिवसांत निकाल, आणि निकाल लागेपर्यंत त्या उमेदवाराकडून पुढच्या परीक्षेचे शुल्क घेऊ नये.